आज्ञा आणि व्रत

ऊर्जानगर वसाहतीतील एका जैन कुटुंबात दिवाळीच्या सुट्टीत एक लहानसा प्रसंग घडला. कुटुंब मूळचे चंद्रपूर शहरातील. आजोबांची गोल बाजारात धान्याची पेढी होती. मुलगा अभियंता होऊन वीज केंद्रात लागला, पेढी आवरली गेली आणि आजोबा मुलाच्या क्वार्टरमध्ये राहावयास आले. नातू पुण्यास शिकतो. सुट्टीत घरी आला असता एका रात्री साडेनऊच्या सुमारास त्याने बाहेरून मागविलेले जेवण दारात आले. आजोबांनी दारातच सांगितले, "या घरात सूर्यास्तानंतर ताट मांडले जात नाही." नातवाने आवाज न चढविता विचारले, "दादाजी, हा नियम तुमचा आहे. माझा केव्हा झाला?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. जेवणाची ती पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सकाळपर्यंत तशीच राहिली. आजोबांना रात्री झोप लागली नाही. प्रश्न उद्धट असता तर रागावून मोकळे होता आले असते. पण प्रश्न खरा होता. आयुष्यभर पाळलेला नियम आपण नातवाच्या हाती दिला की केवळ त्याच्या अंगावर टाकला, हे त्यांना ठरविता येईना.

हा प्रश्न त्या एका घराचा नाही. एका पिढीचा आचार दुसऱ्या पिढीचा कसा होतो आणि कशामुळे होत नाही, याचा विचार चंद्रपूरच्या भूमीला फार पूर्वीपासून करावा लागला आहे. त्याची साक्ष देणारा एक दगड याच जिल्ह्यात सापडला.

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात देवटेक नावाचे लहान खेडे आहे. तेथील एका शिळेवर दोन लेख आहेत. पहिला ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून त्याचे अक्षरवळण अशोकाच्या काळचे, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांचा बारकाईने अभ्यास केला. लेखाचा आज काही भागच वाचता येतो. परंतु त्याचा आशय स्पष्ट आहे. स्वामी आज्ञा करतात की, प्राण्यांना पकडू नये आणि मारू नये. ही आज्ञा चिकंबरी या गावास उद्देशून आहे. देवटेकजवळचे चिकमारा ते हेच गाव, असे मिराशींचे मत होते.

वाघ, चितळ आणि सांबर यांच्या या अरण्यात बावीसशे वर्षांपूर्वी कोणा राजपुरुषाने जीवहिंसेस बंदी करावी आणि ती दगडावर कोरून ठेवावी, ही गोष्ट अहिंसेस परम धर्म मानणाऱ्या कोणासही अभिमानाची वाटेल. मात्र त्याच शिळेवर दुसरा लेख आहे. तो सुमारे सहाशे वर्षांनंतरचा, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. त्याच गावी, ज्याचे नाव आता चिक्कंबुरी असे येते, आपण धर्मस्थान उभारल्याची नोंद त्याने करविली. हा राजा महाभैरवाचा, म्हणजे शिवाच्या उग्र रूपाचा उपासक होता. शिळा तीच राहिली, गावही तेच राहिले. सांगणारा आणि सांगणे मात्र बदलले. पहिल्या लेखातील आज्ञा त्या वेळी कोणी पाळत होते काय, याची दखल दुसऱ्या लेखास घ्यावीशी वाटली नाही.

वाकाटकांच्या घराण्यातच हा बदल पुढे किती वेगाने झाला ते पाहण्यासारखे आहे. रुद्रसेनाचा नातू दुसरा रुद्रसेन विष्णूचा भक्त झाला. त्याची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या, तीही विष्णुभक्त. त्यांचा पुत्र दुसरा प्रवरसेन पुन्हा शिवभक्त. याच वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्यास बौद्ध लेणे कोरविले. राजाचा देव पिढीगणिक बदलत होता आणि त्यात कोणास वावगे वाटत नव्हते. अशा काळात राजाच्या आज्ञेवर उभा असलेला आचार किती टिकणार?

हीच कसोटी हजारो कोस दूर असलेल्या प्राचीन चीनमध्ये अधिक मोठ्या प्रमाणावर झालेली दिसते. तेथील शांग राजे बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या कवचावर उष्णता देऊन पडणाऱ्या तड्यांतून पूर्वजांचा कौल घेत. पाऊस पडेल काय, युद्ध जिंकू काय, राणीस पुत्र होईल काय, सर्व प्रश्न पूर्वजांना विचारले जात आणि त्यांना पशूंचेच नव्हे तर माणसांचेही बळी दिले जात. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात चौ घराण्याने शांगांचा पराभव केला, तेव्हा एक नवा विचार पुढे आला. राज्य हे आकाशाने सोपविलेले असते आणि ते सदाचरणी राजाकडेच राहते. आचरण बिघडले की सोपविलेले परत घेतले जाते. देवतांना काय वाहिले यापेक्षा राजा वागला कसा, यास महत्त्व आले.

पुढे इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९ या काळात कन्फ्यूशियस होऊन गेला. परंपरेने भगवान महावीरांचे निर्वाण इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये मानले जाते. म्हणजे हे दोघे जवळजवळ समकालीन ठरतात. कन्फ्यूशियसने आचरणाचा तो विचार राजवाड्यातून माणसाच्या घरात आणला. पितापुत्र, थोरला आणि धाकटा भाऊ, मित्र, या नात्यांतील वागणूक हाच त्याच्या दृष्टीने धर्माचा पाया होता.

मग राजाज्ञेची पाळी आली. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन राज्याने सारा चीन एकछत्री केला आणि २१३ मध्ये जुने ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. कायदा कडक होता आणि शिक्षाही. त्या वेळी फू शेंग नावाच्या एका विद्वानाने प्राचीन राजवचनांचा ग्रंथ आपल्या घराच्या भिंतीत लपविला. पंधरा वर्षांत छिन साम्राज्य कोसळले. युद्धे संपल्यावर फू शेंगने भिंत उघडली. पुष्कळसा भाग नष्ट झाला होता; जी प्रकरणे वाचली ती त्याने शिकविण्यास आरंभ केला. नव्या हान सम्राटाने जेव्हा त्याच्याकडे अधिकारी शिकावयास पाठविला तेव्हा तो नव्वदी ओलांडलेला होता. त्याचे बोलणे समजेनासे झाले होते, म्हणून त्याच्या मुलीने ते समजावून सांगितले, अशी परंपरा आहे. ज्या राज्याने ग्रंथ जाळले ते गेले. एका घराच्या भिंतीने आणि एका मुलीच्या तोंडाने ते पुढे चालविले.

बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, रेशीममार्गाने जाणाऱ्या काफिल्यांबरोबर. व्यापारी वाचकांना आवर्जून सांगावी अशी एक गोष्ट येथे आहे. आन श्वान नावाचा पार्थियन व्यापारी इसवी सन १८१ मध्ये लोयांग या राजधानीत आला. तो भिक्षू नव्हता, गृहस्थ उपासक होता. एका चिनी सहकाऱ्यासह त्याने जो ग्रंथ चिनी भाषेत आणला त्याचा विषय होता उग्र नावाच्या गृहस्थाने बुद्धास विचारलेले प्रश्न. प्रपंचात राहून धर्म कसा पाळावा, हे त्यात सांगितले आहे. परक्या देशात परका धर्म रुजविणाऱ्यांच्या पहिल्या फळीत एक व्यापारी असावा आणि त्याने निवडलेला ग्रंथ संसारी माणसाच्या आचाराचा असावा, हे लक्षणीय आहे.

चिनी समाजाने या धर्मावर घेतलेला सर्वांत मोठा आक्षेपही घरासंबंधीच होता. डोके मुंडून, आईबाप सोडून, वंश खुंटवून निघून जाणे हा पुत्रधर्माचा भंग नव्हे काय? जैन वाचकांना हा पेच नवा नाही. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीरांनी गर्भातच संकल्प केला होता की मातापिता जिवंत असेपर्यंत दीक्षा घेणार नाही. आणि त्यांच्यानंतरही वडीलबंधू नंदिवर्धनांच्या शब्दाखातर ते दोन वर्षे थांबले. घर आणि त्याग यांची गाठ आपल्या परंपरेत अशी बसविलेली आहे. चीनमध्ये ती बसण्यास काही शतके लागली.

तिकडे बौद्ध मठांना सम्राटांचा आश्रय मिळाला, जमिनी मिळाल्या, वैभव आले. आणि ८४५ मध्ये तांग सम्राट वूत्सुंग याने एका हुकुमासरशी सुमारे ४,६०० मठ मोडले आणि २,६०,००० हून अधिक भिक्षू व भिक्षुणींना संसारात परत पाठविले. तो सम्राट दुसऱ्याच वर्षी वारला आणि त्याच्या वारसाने बंदी सैल केली. परंतु राजाश्रयावर पोसलेल्या मोठ्या विद्यापरंपरा पूर्वीच्या थाटाने उभ्या राहिल्या नाहीत. ज्या पंथांची साधना साधी होती, जी लहान समूहात किंवा घरी बसून करता येत असे, ते तरले.

दिवाळीनंतरच्या रविवारी आजोबा नातवाला घेऊन भद्रावतीस गेले. त्याच्या प्रश्नास उत्तर देण्यासाठी नव्हे, दर्शनासाठी. नातूही आला. नागपूर रस्त्यावर, चंद्रपूरपासून तासाभराच्या आत हे गाव आहे. पूर्वी त्यास भांदक म्हणत. तेथे भद्रनागाचे मंदिर आहे, पार्श्वनाथांचे तीर्थ आहे आणि शेजारी विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणे आहे. प्रथम ते लेण्याकडे गेले. टेकडीच्या पोटात सरळ आत जाणारे एक लांब दालन, त्याच्या टोकास बसलेली बुद्धमूर्ती आणि दोन्ही बाजूंस काटकोनात खोदलेली तशीच आणखी दालने. आत अंधार आणि गारवा.

या लेण्याचा चीनशीही संबंध जोडला गेला आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू भारतात आला. कोसल देशाचे वर्णन करताना त्याने लिहिले की तेथे शंभराच्या आसपास विहार, सुमारे दहा हजार भिक्षू आणि सत्तरएक देवमंदिरे आहेत. हा कोसल म्हणजे दक्षिण कोसल. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यासारखे संशोधक त्याची राजधानी चांदा–भांदकच्या बाजूस शोधीत होते. पुढील अभ्यासकांचा कल छत्तीसगडमधील सिरपूरकडे राहिला. राजधानी कोठेही असो, ह्युएनत्संगाने त्या देशातील एका डोंगरात कोरलेल्या भव्य विहाराची हकीकत ऐकली. तो नागार्जुनासाठी राजाने करविला होता. पुढे भिक्षूंमध्ये वाद झाले आणि विहार ओस पडला. विजासनचे लेणेही कधीतरी असेच ओस पडले. भिक्षू गेले आणि आसपासच्या गावांतून त्यांना भिक्षा वाढणारी घरे दुसऱ्या देवांची झाली.

लेण्यातून बाहेर आल्यावर नातवाने विचारले, "मग आपले लोक कसे उरले?"

याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. जैनांनाही राजाश्रय मिळाला होता आणि तो त्यांच्याही हातून गेला. गुजरातेत बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांच्या प्रेरणेने कुमारपालाने अमारीची घोषणा केली, म्हणजे राज्यभर जीवहत्येस बंदी केली. त्याच्यामागून गादीवर आलेल्या अजयपालाच्या काळात वारे फिरले, असे जैन प्रबंधच सांगतात. देवटेकच्या शिळेचीच ही पुनरावृत्ती होय. तरीही गुजरातेतील घरांतून अहिंसेचा आचार गेला नाही. कारण तो केवळ राजाच्या घोषणेत नव्हता. चतुर्विध संघात साधू आणि साध्वी यांच्याबरोबर श्रावक आणि श्राविका ही दोन अंगे पहिल्यापासून आहेत. साधूची महाव्रते आणि गृहस्थाची अणुव्रते ही एकाच व्रताची मोठी आणि लहान मापे आहेत. वाढणारा हात आणि घेणारे पात्र, दोन्ही एकाच संघाची. म्हणून राजा फिरला तरी गोचरी थांबली नाही.

भद्रावतीचे तीर्थ हेच सांगते. कोणे एके काळी येथील मंदिरे पडली, वस्ती उठली, वर रान माजले. पार्श्वनाथांची मूर्ती अर्धवट मातीत राहिली. आसपासचे गावकरी केशरिया बाबा म्हणून तिला शेंदूर लावीत, असे सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी एका श्रावकास झालेल्या स्वप्नदृष्टांताने तिचा शोध लागला, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच त्यांना स्वप्नदेव म्हणतात. पुढे चंद्रपूरच्या संघाने जीर्णोद्धार केला. जैन नसलेल्या हातांनी मधल्या काळात मूर्ती जपली, हेही विसरता कामा नये. ज्यांच्याशी आपला आचार जुळत नाही त्यांचेही ऋण आपल्या तीर्थावर असते.

आणि विजासनचे रितेपणही कायमचे राहिले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. कोणा सम्राटाची आज्ञा त्यामागे नव्हती. तेथे जमलेल्या, बहुतांशी गरीब, शतकानुशतके अपमान सोसलेल्या स्त्रीपुरुषांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. आज दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर माणसांचा सागर लोटतो आणि विजासनच्या त्या अंधाऱ्या दालनात पुन्हा मेणबत्त्या लागतात. राजांच्या दानाने कोरलेले लेणे ओस पडले होते. घराघरांतील प्रतिज्ञेने तेथे पुन्हा माणसे आणली.

आज्ञा निरर्थक असते, असा याचा अर्थ नव्हे. घरात शिस्त नसेल, उपाश्रय नसेल, चातुर्मासात साधुसाध्वींचा सहवास नसेल तर एकट्या माणसाचा संकल्प फार काळ तग धरीत नाही. लहान मुलास प्रथम सांगावेच लागते. पण सांगण्याची मर्यादा खुद्द अशोकाने ओळखली होती. राज्याभिषेकाच्या सत्ताविसाव्या वर्षी, म्हणजे राज्याच्या उतारकाळात, त्याने एका स्तंभावर आपला अनुभव नोंदविला. लोकांत धर्म वाढला तो दोन मार्गांनी, नियमाने आणि मन वळविण्याने. त्यांपैकी नियमाचे फळ थोडे आणि मन वळविण्याचे फार, असा त्याचा निष्कर्ष होता. अमुक प्राणी मारू नयेत असे नियम काढणाऱ्या राजानेच हे लिहिले आहे. हिशेब मिटविताना खऱ्या व्यापाऱ्याने बुडीत रक्कम बुडीत म्हणून मांडावी, तसा हा प्रामाणिकपणा आहे.

देरासरात दर्शन झाल्यावर आजोबा आणि नातू भोजनशाळेत जेवले. उन्हे कलती होती. परतताना गाडीत बोलणे फारसे झाले नाही. वीज केंद्राची धुरांडी दिसू लागली तेव्हा सूर्य मावळतीस आला होता. घरी पोहोचून आजोबांनी पाणी घेतले, हात जोडले आणि रोजच्याप्रमाणे चोविहाराचे पच्चक्खाण म्हटले. नातू जोडे काढीत दारातच उभा होता. त्याने विचारले, "दादाजी, तुम्ही शेवटी वोसिरामि म्हणता आणि उपाश्रयात महाराजसाहेब वोसिरइ म्हणतात. असे का?"

आजोबांनी सांगितले, "महाराजसाहेब देतात तेव्हा ते म्हणतात, हा सोडतो आहे. घेणाऱ्याने म्हणायचे, मी सोडतो. त्याने मी म्हटले नाही तर व्रत लागत नाही."

हे सांगताना आजोबांना आपलाच आवाज वेगळा वाटला. साठ वर्षे म्हटलेल्या शब्दाचे व्याकरण त्यांनी आजवर कोणास समजावून दिले नव्हते. देवटेकच्या शिळेवर स्वामी आज्ञा करतात, असे लिहिले आहे. पाळणाऱ्याचा मी त्या दगडावर कोठेच नाही.

नातवाने त्या संध्याकाळी पच्चक्खाण घेतले नाही. आजोबांनीही घे म्हटले नाही. रात्री साडेआठच्या सुमारास स्वयंपाकघरात दिवा लागला. आजोबांना आपल्या खोलीतून तो दिसला. ते उठून गेले नाहीत. पाण्याच्या पेल्याचा आवाज आला आणि दिवा पुन्हा मालवला. सकाळी त्यांनी काही विचारले नाही. नवकारशीची वेळ होईपर्यंत चहासाठी थांबले. आणि त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर, मोबाईल पाहत का होईना, नातूही थांबला.